किनाऱ्यापर्यंतचा बर्फ

२८ एप्रिल, हिंगणघाट

सकाळी सहाच्या एसटीनं आर्वी सोडली, वर्ध्याला गाडी बदलली आणि साडेनऊला इथं उतरले. बाबा डेपोपर्यंत आले होते. गाडी सुटेपर्यंत ते ओळखीच्या कंडक्टरला सांगत होते, की आमची नंदिनी ध्रुवावरचा बर्फ मोजायला चालली आहे. हिंगणघाटले? असं कंडक्टरनं विचारलं, तेव्हा बाबांनी इतक्या अभिमानानं हो म्हटलं की मलाच हसू आलं.

पण खरंच तसं आहे. नंदोरी रोडवर एका जिनिंगच्या आवारात, गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं सेंटर आहे. जिनिंग भूपेंद्र सरांच्या घरची. ते बारा वर्षं परदेशात बर्फाचे नकाशे करणाऱ्या कंपनीत होते, परत आले आणि तेच काम इथं सुरू केलं. कापसाचा हंगाम संपलाय, त्यामुळे खाली शुकशुकाट. वर आठ खुर्च्या आणि माणसं तीनच : सर, सपनाताई आणि आता मी. भूगोलात एमएस्सी करून दोन वर्षं घरी बसले होते. आज स्वतःच्या नावाचा लॉगिन मिळाला.

खोली देवकाबाईंकडे, मागच्या अंगणात. त्या एकट्याच राहतात. मी काकू म्हणते. जेवणही त्यांच्याकडेच. वाढताना त्यांनी विचारलं, "बर्फ मोजून का करते वं बाई? तो का कोनाचा आहे?" मी म्हटलं, तिथल्या लोकांचा आहे काकू, ते त्यावरून चालतात. त्यांनी थोडा विचार केला आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

३० एप्रिल

आज पहिली रेघ काढली. उपग्रह रोज ग्रीनलंडच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून जातो आणि रडारचं चित्र पाठवतो. रंग नसतो, सगळं राखाडी. आपण माउसनं बर्फ आणि पाणी यांच्यामधली सीमा ओढायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पातळ बर्फ काळा दिसतो, शांत पाणीही काळं दिसतं, आणि वर पाणी साचलेला बर्फ तर दोन्हींसारखा दिसतो. सपनाताई दोन वर्षं हेच करतेय. ती म्हणते डोळ्याला सवय होते, फक्त घाई करायची नाही.

घाई मात्र असतेच. दुपारी तीनला नकाशा गेलाच पाहिजे. तेव्हा तिथं सकाळचे साडेसात होतात आणि किनाऱ्यावरच्या चार गावांतली माणसं मोबाइलवर आमचा नकाशा उघडून बर्फावर मासेमारीला निघतात. कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्या असतात त्यांच्या. प्रत्येक गाडीवर एक यंत्र बसवलंय, त्यामुळे गाडी जिथून जाते तिथं आमच्या स्क्रीनवर पिवळी रेघ उमटत जाते. बर्फ पांढरा, पाणी निळं, आणि जिथलं चित्रच मिळालं नाही तिथं करड्या तिरक्या रेषा, म्हणजे माहिती नाही.

दुपारभर पिवळ्या रेघा पाहत होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कूलरचं पाणी दोनदा भरावं लागलं, आणि मी त्या माणसांना बर्फावरून घरी जाताना बघत होते.

६ मे

हात बसायला लागला. आज सपनाताईनं काढलेल्या रेघेत आणि माझ्या रेघेत फरक जवळजवळ नव्हताच. बक्षीस म्हणून तिनं मला जुन्या रेघा दाखवल्या. सहा मे या एकाच तारखेच्या, गेल्या दहा वर्षांच्या, एकावर एक ठेवलेल्या. मधे एखादं वर्ष बाहेर सरकतं, पण सगळी मिळून रेघ किनाऱ्याकडेच येत चालली आहे. जिथं आजोबा गाडी हाकायचे तिथं नातवाला होडी लागते. आपण हे नुसतं लिहून ठेवणारे लोक, असं सपनाताई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मी बराच वेळ ते बघत बसले.

संध्याकाळी एका गावाकडून मेल आली. नकाशाबद्दल आभार, आणि सोबत फोटो. तेवीस नंबरची गाडी. मला या गाडीची रेघ सगळ्यात आवडते, कारण ती खाडीच्या मध्यावर रोज एका जागी चार तास थांबते आणि मग सरळ घरी. फोटोत बाप आणि लेक. बापाचं नाव आक्कालुक, लेकीचं पिपालुक, वय एकोणीस. तिनं जवळजवळ स्वतःएवढा मासा उचलून धरलाय आणि हसू आवरत नाहीये. मागं बारा कुत्री. फोटो मी मोबाइलवर घेतला आणि बाबांना पाठवला.

१४ मे

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

सपनाताई लग्नासाठी गेली आहे. सर नागपूरला. मी एकटी. साडेबाराला चित्र आलं, तर त्यात खाडीच्या मधोमध उभी पट्टीच नव्हती. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये कधीकधी अशी फट राहते. नियम असा, की तिथं करड्या रेषा मारायच्या.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले की या आठवड्यात तीनदा करडं गेलंय, तिकडून तक्रार आली आहे. एका दिवसात बर्फ कुठं जात नाही, कालचीच रेघ ओढ आणि पाठवून दे.

मी कालचं चित्र काढलं. त्या पट्टीत एक बारीक काळी रेष होती. केसासारखी. काल सपनाताई नव्हतीच, मीच पाहिली होती आणि पुसट म्हणून सोडून दिली होती. आज पुन्हा पाहिली. मोठी करून पाहिली. मला वाटलं, ही भेग असू शकते. मला वाटलं, सरांना पुन्हा फोन करावा. तीनला दहा मिनिटं होती.

मी कालची रेघ ओढली आणि सगळी खाडी पांढरी करून पाठवली.

१५ मे

पट्टीचं चित्र आलं. भेग तीनशे मीटर रुंद झाली आहे. तेवीसची रेघ खाडीच्या मध्यावरून घराकडे निघते, भेगेशी येते आणि संपते.

दुपारी गावाकडून मेल आली. गाडी परत आली नाही. दोन कुत्री ओली होऊन गावात पोचली, त्यांचे पट्टे दातांनी तोडलेले होते. लांबच्या वाटेनं, टेकडीच्या कडेनं ते येऊ शकले असते. नकाशात खाडी पूर्ण गोठलेली दिसली म्हणून सरळ आले असावेत, असं त्यांनी लिहिलंय. कुठंही रागाचा शब्द नाही.

सर आले, मेल वाचली, दार लावून घेतलं. मग मला म्हणाले, की कालच्या फाइलमध्ये त्या पट्टीत करड्या रेषा मारून जुन्या तारखेनं पुन्हा ठेव. सेंटर बंद पडलं तर तुमच्या दोघींचंही काम जाईल, आणि गेलेली माणसं काही परत येणार नाहीत.

मी मारल्या. माझ्याच हातानं मारल्या.

१९ मे

त्या भेगेतून समुद्र आत शिरला. चार दिवसांत खाडीतला निम्मा बर्फ फुटून गेला. उरलेला मोठा तुकडा किनाऱ्यापासून नऊ किलोमीटरवर सुटा पडलाय. तेवीसची रेघ त्याच्याच काठाशी संपते. रेघ स्क्रीनवरून काढून टाकायला मला कुणी सांगितलेलं नाही आणि माझ्यानं होत नाही.

जेवण जात नाही. सपनाताई परत आली, तिला मी काहीच सांगितलं नाही. बाबांचा फोन आला. आज किती वितळला, असं त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

२१ मे

तेवीसची रेघ वाढली आहे.

अर्धा किलोमीटर. तुकड्याच्या काठाकाठानं. सपनाताईला दाखवलं. ती म्हणाली यंत्र बर्फावर पडलं असेल, बॅटरी टिकते महिनाभर, आणि तुकडा वाहतो तसं यंत्रही वाहणार. पटलं मला. मग मी तुकड्याची दिशा मोजली. तुकडा दक्षिणेला सरकला होता. रेघ पूर्वेला गेली आहे, किनाऱ्याच्या बाजूला.

मध्ये मध्ये थांबत गेली आहे. कुत्री दमली की माणसं थांबतात तशी.

२४ मे

आता चार दिवसांचं पाहून सांगते. रेघ त्या तुकड्यावरून जात नाही. ती मी काढलेल्या बर्फावरून जाते.

परवा माझ्याकडून चूक झाली. बर्फाची जीभ थोडी लांब काढली गेली, दोनशे मीटर, जिथं खरं तर पाणी होतं. नकाशा गेल्यावर लक्षात आलं. काल सकाळी पिवळी रेघ त्या जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलेली होती. तिथं थांबलेली. काल मी जीभ पुसून बरोबर सीमा काढली. आज रेघ पुन्हा मागं, काठावर.

ते वाट बघत आहेत, पुढं बर्फ कधी होतो याची.

आज दुपारी जेवायला घरी आले. शेहेचाळीस डिग्री. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खोलीचं कुलूप काढलं तर फरशी ओली. काकूंनी पुसली असेल असं वाटलं, पण त्या तर बहिणीकडे गेलेल्या. दारापासून खाटेपर्यंत ओलं. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. आणि इतकं गार, की दाताला झिणझिण्या आल्या.

२६ मे

बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. माउस धरलेला कळत नाही. काकूंनी हात हातात घेतला आणि एकदम सोडला. "काऊन वं पोरी, इतके थंडे हात? तुले ताप येऊन राह्यला का?" तापात हात थंड पडतात का काकू, असं म्हणायचं होतं. त्यांनी मोहरीचं तेल गरम करून चोळलं. बराच वेळ चोळत होत्या. उपयोग झाला नाही.

दुपारी सेंटरमध्ये कूलरच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज येतो. धापा टाकल्यासारखा. एका नव्हे, पुष्कळ तोंडांचा. कूलर बंद केला की नीट ऐकू येतो. सपनाताईला ऐकू येत नाही.

२८ मे

मी त्यांना एक किलोमीटर दिला.

नऊच किलोमीटर आहेत. रोज एक दिला तर नऊ दिवसांत ते किनाऱ्याला लागतील, आणि मग सुटतील. मीही सुटेन. मी पांढरी जीभ काढली, पूर्वेला, गावाच्या दिशेनं. नकाशा गेला. पाच मिनिटांत पिवळी रेघ चालू लागली. सरळ. कुठंही न थांबता.

घरी येऊन झोपले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा झोप लागली. बोटं गरम होती.

२९ मे

दुसरा किलोमीटर दिला. ते आले.

मग आणखी एक रेघ दिसली. अकरा नंबर. जिवंत माणसांची गाडी. ती गावातून निघून उरल्यासुरल्या बर्फावरून माझ्या जिभेकडे वळली होती. नकाशात तिथं बर्फ दिसत होता ना.

मी ओरडले असेन. सपनाताई धावत आली, स्क्रीन पाहिली, रडारचं चित्र उघडलं. "का करून राह्यली तू हे? तिथं पाणी आहे ना, नंदिनी! पाणी आहे तिथं!" तिनं गावाला फोन लावला. लागत नव्हता. सात मिनिटं. अकराची रेघ पाण्यापासून चारशे मीटरवर थांबली. मग वळली. नंतर कळलं, पुढचं कुत्रं बसलं आणि काही केल्या उठेना.

सपनाताईनं माझा नकाशा पुसून नवा पाठवला. मग माझ्यासमोर बसली. मी तिला चौदा तारखेचं सगळं सांगितलं. केसासारखी रेष मला दिसली होती हेही. तिनं मला जवळ घेतलं नाही, शिवीही दिली नाही. एवढंच म्हणाली, की हे मला सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचं त्यांना सांग.

३० मे

सांगितलं. गावाला मेल लिहिली. पट्टीचं चित्र नव्हतं. मी कालची रेघ ओढली. भेग मला दिसली होती. नंतर फाइल बदलली तीही मीच. खाली माझं पूर्ण नाव, नंदिनी मेश्राम. सपनाताईनं इंग्रजी तपासून दिलं.

सर तासाभरात आले. मला पंधरा तारखेनंतर येऊ नको म्हणाले. मग नकाशे कोण काढणार, सपनाताईनं विचारलं. ते जिना उतरून निघून गेले.

१ जून

उत्तर आलं. आक्कालुकच्या बायकोनं लिहिलंय, पिपालुकच्या आईनं. चारच वाक्यं.

तुझं पत्र वाचलं. माझा धाकटा भाऊ अकरा नंबरची गाडी चालवतो. आम्हाला रोज खरा नकाशा पाठव, पाणी असेल तिथं पाणी दाखव. आणि तुला वरून आमची दोघं कुठं दिसली तर कळव.

मला दिसतात. काय कळवू?

खरी रेघ काढली तर यांच्या पायाखालचा बर्फ जातो. खोटी काढली तर अकरा नंबर

दिवसभर एवढंच.

२ जून

खरा नकाशा काढला.

सुटा तुकडा आज राहिलेलाच नाही. फुटून चुरा झालाय. त्यामुळे तिथं सगळं निळं भरावं लागलं. निळं भरताना बोटं इतकी दुखली की रडू आलं. सपनाताई शेजारी बसून होती. तीनला पाठवला.

अकरा नंबर किनाऱ्यावरच थांबली. सहा आणि नऊसुद्धा. दिवसभर जागची हलली नाहीत. जिवंत आहेत सगळे.

तेवीसची रेघ निळ्यात काही वेळ उभी होती. मग वळली. किनाऱ्याकडे नाही. खाली. नकाशाच्या कडेपर्यंत आली आणि कडेबाहेर गेली.

३ जून

स्क्रीनवर तेवीस नाही. कुठंच नाही.

जिन्यावर मात्र — धापा. सकाळी अकरा वाजता. लख्ख ऊन. सपनाताईलाही आज ऐकू आलं. तिनं माझा हात धरला आणि दार उघडलं. कुणी नव्हतं. पायऱ्यांवर पाणी, आणि लोखंडी कठड्यावर पांढरं दव गोठलेलं. बोट लावलं तर कातडी चिकटली तिची.

ती मला तिच्या घरी चल म्हणाली. मी नाही म्हटलं. तिची दोन लेकरं आहेत.

४ जून, सकाळ

बाबांना फोन केला. सगळं ठीक आहे म्हटलं. आवाज का कापतो विचारलं त्यांनी. कूलर लावलाय म्हटलं.

सुट्टी घेतली. नकाशा सपनाताई काढेल. नीट काढेल ती.

तोंडातून वाफ येते. काकूंच्या अंगणात लिंबाची पानं उन्हानं वाळून गळतात आणि माझ्या तोंडातून वाफ

४ जून, दुपार

फरशी दिसत नाही. पांढरं आहे. खाटेपासून दारापर्यंत, आणि दार जिथं होतं त्याच्याही पलीकडे. भिंती कुठं आहेत कळत नाही. उजेड खूप. सगळीकडून सारखा. सावली नाही कशालाच —

खाटेचा पाय थोडा खाली गेला.

दहा कुत्री. बसलीत. माझ्याकडं बघतात. पट्टे अजून बांधलेले.

तो मागं उभा आहे. बोलत नाही. तिचे केस गोठलेत, हलली की वाजतात. रागावलेली नाही. ती जवळ आली आणि काहीतरी विचारलं. भाषा येत नाही मला. पण कळलं. दोन आठवडे हेच तर विचारत होते —

किनारा कोणत्या बाजूला.

मी सांगितलं मला माहीत नाही. मराठीत सांगितलं. तिनं पुन्हा तेच विचारलं. मग हात पुढं केला. मी पुढं चालायचं आहे. ते मागून. रेघ माझी होती, तर —

लांबून काकूंची हाक येते. जेवायले ये वं. खूप लांबून. समोरून, म्हणजे किनारा तिकडंच असेल. चाळीस पावलं. पन्नास.

मधे बर्फ काळपट आहे. पातळ बर्फही काळाच दिसतो, पाणीही काळंच — इथून ओळखता येत नाही, इतक्या जवळून तर मुळीच —

तिचा हात धरलाय. गार नाही आता. एक पाऊल टाकलं. दुसरं. वही छातीशी धरून लिहितेय. खालून आवाज आला, कापड फाटतं तसा, डावीकडून — काकूंना ओरडून सांगायला हवं की इकडं येऊ नका, इथं पाणी आ